न दाबलेलं बटण

निवृत्त झाल्यावर आमच्या सोसायटीतल्या बायकांनी पहिल्यांदाच नीट चौकशी केली. "तुम्ही एवढी वर्षं हॉस्पिटलात नक्की काय करत होतात हो?"

"माणूस किती लवकर थांबतो ते मोजत होते," मी म्हटलं.

"म्हणजे सिग्नलला?"

"नाही. मेंदूत."

यानंतर बहुतेक लोक विषय बदलतात. बायकांनीही बदलला. दिवाळी अंकाच्या संपादकांनी बदलला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

पनवेलच्या एका हॉस्पिटलात मी ईईजी टेक्निशियन म्हणून लागले. फिट येणाऱ्या रुग्णांच्या डोक्याला तारा लावायच्या, मेंदूतल्या विजेच्या रेषा पडद्यावर उमटवायच्या आणि कागद डॉक्टरांकडे पाठवायचे, असं ते काम. नोकरीची शेवटची काही वर्षं मात्र तिथल्याच संशोधन विभागात गेली. तिथे येणारी माणसं आजारी नसत. धडधाकट माणसं आपल्या पायांनी येत, तासभर बसत, एक कंटाळवाणा खेळ खेळत आणि चहा पिऊन जात. विभागाच्या प्रमुख म्हणजे आमच्या मॅडम. वयानं माझ्यापेक्षा लहान, बोलायला कमी आणि ऐकायला फार.

खेळ असा. समोर पडद्यावर बाण येतो. डावीकडे असेल तर डावं बटण दाबायचं, उजवीकडे असेल तर उजवं. जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर. पण मधूनच बाण दिसल्यावर 'टूं' असा आवाज होतो. तो ऐकू आला की बटण दाबायचं नाही. बस, इतकंच. हात निघालेला असतो आणि त्याला परत बोलवायचं असतं.

यातली मेख अशी की, दाबणं दिसतं, थांबणं दिसत नाही. बटण दाबलं की मशीन वेळ सांगतं. न दाबलेल्या बटणाची वेळ कोण सांगणार? म्हणून मशीन एक लबाडी करतं. तुम्ही थांबलात की पुढच्या खेपेला तो आवाज किंचित उशिरा देतं. नाही थांबलात तर किंचित लवकर. असं पुढेमागे करत ते तुम्हाला अशा जागी आणून ठेवतं, जिथे तुम्ही निम्म्या वेळा थांबता आणि निम्म्या वेळा चुकता. मग आवाज किती उशिरा आला तरी तुम्ही थांबू शकता यावरून तुमच्या थांबण्याला किती वेळ लागतो त्याचा हिशेब काढतात. तो वेळ सेकंदाचा लहानसा तुकडा असतो.

थोडक्यात, या परीक्षेत सगळेच निम्मे नापास होतात. तशी व्यवस्थाच केलेली असते.

हे न पटणारे एक गृहस्थ मला अजून आठवतात. नवीन पनवेलचे निवृत्त मुख्याध्यापक. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. पहिली अडचण डोक्यावरच्या तेलाची. आम्ही टोपी घालतो, तिच्या प्रत्येक भोकात जेल भरतो. केसांना तेल असलं की जेल धरत नाही, रेषा येत नाहीत. फोनवर मी प्रत्येकाला तीनतीनदा बजावत असे, "न्हाऊन या, तेल लावू नका." सरांनी न्हाऊन वर पुन्हा तेल लावलं होतं. "चार लोकांत जायचं तर कोरडं डोकं घेऊन कसं यायचं?" मी बेसिनवर त्यांचं डोकं धुऊन दिलं. माझी नोकरी मेंदूची असली तरी निम्मं काम न्हाणीघरातलं होतं.

खेळ सुरू झाला आणि सर एकही आवाज चुकेनात. मी आत पाहिलं तर बाण आला तरी ते बोट उचलून शांत बसलेले. आवाज येत नाही याची खात्री करून मगच बटण दाबत होते.

"सर, वाट बघायची नाही. बाण दिसला की लगेच दाबा."

"मग चुकेन ना."

"चुकायचंच आहे, सर."

"चाळीस वर्षं मुलांना सांगत आलो, आधी विचार करा मग उत्तर लिहा. आता तुम्ही म्हणता विचार करू नका?"

चार वेळा समजावलं. सरांनी पैकीच्या पैकी मार्क मिळवले आणि त्यांची नोंद आम्हाला टाकून द्यावी लागली. जाताना त्यांनी विचारलं, "पहिला आलो ना?" मी हो म्हटलं. अशा निरुपद्रवी थापा मी बऱ्याच मारल्या आहेत. एकदा मात्र मी खरं बोलले, आणि ते मला फार महागात पडलं. मला म्हणण्यापेक्षा दुसऱ्याला.

आम्हाला सगळ्या तऱ्हेची माणसं हवी होती. कॉलेजची पोरं सहज मिळत, पण कष्टाची कामं करणारी येत नसत. म्हणून मॅडमनी मला मराठीत एक पत्रक करायला सांगितलं. मी लिहिलं, "तुम्ही किती लवकर थांबू शकता? एका तासात जाणून घ्या!" मला ते वाक्य फार आवडलं होतं. वाचल्यावर मॅडम म्हणाल्या, "जाणून घ्या नको. आपण त्यांना काही सांगत नाही." मी म्हटलं, "तसं लिहिलं नाही तर येणार कोण?" त्या घाईत होत्या. पत्रक तसंच छापलं गेलं आणि ओपीडीच्या भिंतीवर लागलं.

ते वाचून हसुराम आले. हे त्यांचं खरं नाव नव्हे. आमच्या कामात खरी नावं कुलपात राहतात. चिरनेरच्या बाजूच्या एका गावचे, पंचेचाळिशीचे, रुंद खांद्यांचे. फॉर्मवर व्यवसायाच्या जागी त्यांनी 'ड्रायव्हर' लिहिलं, मग ते खोडून 'सध्या घरी' लिहिलं. डोकं स्वच्छ धुतलेलं. टोपी घालताना बहुतेक लोक गमती करतात, शॉक बसेल का विचारतात. यांनी फक्त मान पुढे केली.

खेळ त्यांनी जसा खेळावा तसा खेळला. वाट बघणं नाही, कुचराई नाही. मशीननं आवाज आणखी आणखी उशिरा दिला, तरी हे थांबत होते. काचेपलीकडून बघताना मी खूष झाले. इतक्या वर्षांत इतकं झटपट थांबणारा माणूस मी क्वचितच पाहिला होता.

टोपी काढून मी टॉवेल दिला. डोक्याला जेल तसंच ठेवून ते म्हणाले, "ताई, माझा किती आला?"

इथे सांगण्याचं वाक्य ठरलेलं होतं: 'एकेकट्याचा निकाल आम्ही देत नाही.' संमतीच्या सहीच्या कागदावरही ते छापलेलं होतं. पण हसुराम माझ्याकडे असे बघत होते की, रक्ताच्या रिपोर्टची वाट बघणारी माणसं आठवावीत. शिवाय निकाल चांगला होता. चांगली बातमी सांगायला काय हरकत, असं मला वाटलं.

"आकडा नाही सांगता येत," मी म्हटलं, "पण तुमचं थांबणं एकदम उत्तम आहे. तुमच्यासारखे फार थोडे बघितलेत मी."

ते हसतील असं मला वाटलं होतं. त्यांनी टॉवेल मांडीवर ठेवला.

"म्हणजे मी थांबू शकत होतो," ते म्हणाले.

"काय?"

"मी थांबू शकत होतो ना, ताई? मशीन तसाच सांगते ना?"

मग त्यांनी सांगितलं. ते डंपर चालवत. सकाळची वेळ, गाडी खडीनं भरलेली. वीटभट्टीवर काम करणारी एक बाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन रस्ता ओलांडायला उतरली. गाडीखाली येऊन ती गेली. पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यात सगळं आलं होतं. गाडी वेगात नव्हती, बाई एकदम पुढे आली. पोलिसांनी बघून सांगितलं, तुझी चूक नाही. मालकानं सांगितलं, आठ दिवस आराम कर आणि ये कामावर. हसुराम गेले नाहीत.

"पोलीस म्हणाले, सुटलास. पण तिचा नवरा भट्टीवर हाय. मी गेलो होतो त्याच्याकडं. त्यानं एकच विचारलं, तुला दिसली नाय का? मी म्हटलं, दिसली. खोटं कसं बोलू? दिसली होती. मग तो म्हणाला, मग थांबला का नाय? मला काय बोलता आला नाय. माघारी आलो. मग इथं भिंतीवर तुमचा कागद वाचला. वाटला, मशीनच सांगेल. थांबणं माझ्या अंगातच नसेल तर तसं जाऊन सांगेन त्याला. पण आता तुमी म्हणता, उत्तम हाय."

मी काहीबाही बोलले. हा नुसता खेळ आहे, रस्ता वेगळा, मनाला लावून घेऊ नका. त्यांनी मान हलवली, "येतो, ताई" म्हणाले आणि गेले. केसांतलं जेल न धुताच गेले. मी खिडकीतून बघत राहिले. त्यांच्या डोक्यावर टोपीच्या भोकांचे गोल गोल चिकट ठसे तसेच होते.

मॅडमना सांगितल्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्या रागावतील या तयारीनं मी गेले होते. त्या बराच वेळ पेनाचं टोपण उघडत मिटत बसल्या.

"नियम का आहे, हे मी तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, तुम्हाला माहीत असेल. हा आकडा शंभर माणसांबद्दल मिळून काहीतरी सांगतो. एका माणसाबद्दल फार थोडं. त्याच्या एका सकाळबद्दल तर काहीच नाही."

"मी चांगलं म्हणून सांगायला गेले."

"हो. तुम्हाला ते चांगलं वाटलं."

हसुरामना फोन केला, त्यांनी उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "जाऊन या. त्यांना हवं असेल तर मानसोपचाराच्या डॉक्टरांची वेळ मी काढून ठेवते. पण आधी तुम्ही जा. तुमच्या तोंडून ऐकलंय त्यांनी."

उरणकडच्या एसटीनं मी गेले. वाटेत काय बोलायचं ते पाठ करत होते आणि प्रत्येक वाक्य मला खोटं वाटत होतं. गावात उतरून घर विचारलं. हसुरामची बायको ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. मी हॉस्पिटलातून आले म्हटल्यावर तिनं सूप बाजूला ठेवलं.

"आत हायत. बोलत नाय कोणाशी," ती हळूच म्हणाली. "खुर्चीत बसले की उजवा पाय दाबतात जमिनीवर. सारखा. मी हात ठेवला गुडघ्यावर तरी दाबतात."

हसुराम बाहेर आले, मला बघून शरमले आणि म्हणाले, "तुमी कशाला आलात एवढ्या लांब?"

"चुकीचं सांगितलं होतं मी. ते दुरुस्त करायला आले."

पाठ केलेलं सगळं विसरले होते. मी एवढंच म्हटलं, "भाऊ, आपण तोच खेळ इथे खेळू. मशीन नको." त्यांना समोर बसवलं. "मी बोट वर केलं की टाळी वाजवायची. लगेच. पण मी 'थांब' म्हटलं तर वाजवायची नाही."

त्यांना ते पोरकट वाटलं असणार, पण पाहुणी म्हणून त्यांनी मान ठेवला. मी बोट वर केलं, टाळी. बोट वर, टाळी. बोट आणि लगोलग 'थांब'. हात थांबले. पुन्हा तसंच. पुन्हा थांबले. मग मी बोट वर केलं आणि एक क्षण जाऊ देऊन 'थांब' म्हटलं. टाळी वाजून गेली.

"चुकलो," ते म्हणाले.

"पुन्हा करू."

पुन्हा उशिरा म्हटलं. पुन्हा टाळी. पाच वेळा केलं, पाचही वेळा टाळी. मग मी वहिनींना शेजारी बसवलं आणि हसुरामना बोट वर करायला लावलं, 'थांब' त्यांनाच म्हणायला लावलं. वहिनी चुकल्या, मीही चुकले. मी तर सगळ्यात आधी चुकले. वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या आणि हसल्याबद्दल एकदम गप्प झाल्या.

"तुमचा आकडा किती हाय, ताई?" हसुरामनी विचारलं.

"तुमच्यापेक्षा वाईट. खूपच."

"मग तुमी गाडी चालवू नका," ते म्हणाले. ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"हॉस्पिटलातही हेच होतं," मी म्हटलं. "मी तुम्हाला सांगितलं नाही, ते हे. 'थांब' असं उशिरा आलं, की कोणीच थांबत नाही. उत्तम माणूसही नाही. तुम्हीसुद्धा त्या दिवशी निम्म्या वेळा चुकलात. ते मशीन माणूस चुकेपर्यंत त्याला सोडतच नाही."

त्यांचा पाय जमिनीवर दाबलेला मला दिसत होता.

"आणि पाय तर थांबला होता, ताई," ते म्हणाले. "मी ब्रेकवर उभा राहिलो होतो. गाडी भरलेली. गाडी नाय थांबली."

"हो."

"पण मला एक सांगा. माझा 'थांब' उशिरा आला होता का? का मी उशीर केला?"

हाच तो प्रश्न. एसटीत बसल्यापासून मी त्यालाच भीत होते. उशिराच आला होता हो, असं म्हणणं किती सोपं होतं. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मुख्याध्यापकांना मी 'पहिले आलात' म्हटलं होतं, तसंच इथे म्हणता आलं असतं.

"ते मला माहीत नाही, भाऊ," मी म्हटलं. "मॅडमनाही माहीत नाही. कुठल्याच मशीनला ते कळणार नाही."

ते रागावतील किंवा रडतील, असं वाटलं होतं. त्यांनी फक्त मान डोलावली, दोनतीनदा, सावकाश. मला वाटतं, बऱ्याच दिवसांत त्यांना कोणी 'माहीत नाही' असं म्हटलंच नव्हतं. ज्यानं त्यानं निकालच सांगितला होता. पोलिसांनी, मालकानं, मी.

वहिनींनी चहा केला. मानसोपचाराच्या डॉक्टरांचं मी सांगितलं. येईन म्हणाले, आणि पुढे ते खरंच आले. मी उठले तेव्हा ते एसटी थांब्यापर्यंत पोचवायला निघाले. वाटेत म्हणाले, "ताई, त्याला हे असं सांगायला पाहिजे. तिच्या माणसाला. पण मला नीट बोलता यायचा नाय. तुमी येता का माझ्यासंगती भट्टीवर? तुमी टाळ्या वाजवून दाखवा त्यालाही."

मी नाही म्हटलं.

कारणं सगळी खरी होती. एक नियम मोडून झाला होता, दुसरा मोडायचा नव्हता. तो माणूस आमच्या अभ्यासात नव्हता. ज्याची बायको गेली त्याच्या अंगणात टाळ्यांचा खेळ करून दाखवणारी मी कोण? पण त्या सगळ्यांच्या तळाशी एक साधं कारण होतं, ते आज लिहिते. मला त्या माणसाच्या समोर उभं राहायची भीती वाटली. जिथे मी बोलायला नको होतं तिथे बोलले होते, आणि जिथे जायला हवं होतं तिथे गेले नाही. एसटी आली. हसुरामनी पुढे होऊन दार उघडून दिलं, "सांभाळून जा" म्हणाले. बसल्यावर मी मागे वळून बघितलं नाही.

पत्रकावरचं ते वाक्य मी दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं. त्या जागी मॅडमनी सांगितलेलं रुक्ष वाक्य घातलं. माणसं कमी येऊ लागली. येईनात का.

आमच्या अभ्यासात प्रत्येकाला काही महिन्यांनी पुन्हा एकदा बोलावत. दोन वेळचे निकाल जुळतात का ते बघायचं असे. हसुरामना बोलावू नये, असं माझं मत होतं. मॅडम म्हणाल्या, "त्यांना विचारा. आपण का ठरवायचं?" मी फोन केला. या वेळी त्यांनी उचलला, आणि ठरल्या दिवशी, ठरल्या वेळेच्या आधी पंधरा मिनिटं, डोकं धुऊन ते हजर झाले.

मी टोपी चढवली. एकेका भोकात जेल भरू लागले. मी मागे उभी, ते समोर भिंतीकडे बघत. कदाचित म्हणूनच त्यांना बोलता आलं.

"गेलो होतो, ताई. भट्टीवर."

माझा हात थांबला. "एकटे?"

"एकटाच. बायको येते म्हणाली होती. म्हटलं नको."

"काय बोललात?"

"जेवढा ठाऊक हाय तेवढा. दिसली म्हणून सांगितला. पाय दाबला म्हणून सांगितला. गाडी थांबली नाय. त्याच्यापुढचा मला ठाऊक नाय, कोणालाच ठाऊक नाय, म्हटलं."

"मग?"

"तो विटा थापत होता. थापतच राहिला. मी उभा. किती वेळ ते माहीत नाय, एक रांग पुरी झाली त्याची. मग उठून त्यानं हात धुतले. आणि म्हणाला, बस."

मी जेलची सिरिंज तशीच धरून उभी होते. "आणि?"

"बसलो."

टोपी पूर्ण केली, बाहेर येऊन मी माझ्या पडद्यासमोर बसले, खेळ सुरू केला. बाण येत होते, हसुराम बटण दाबत होते, आवाज झाला की कधी थांबत होते, कधी चुकत होते. रेषा मात्र वेड्यावाकड्या उसळत होत्या. डोळे भरले, पापण्या मिटू लागल्या की असं होतं. त्यापुढे मेंदूची बारीक रेष झाकून जाते. एरवी मी लगेच माईकवर सांगते, "जरा डोळे स्थिर ठेवा." त्या दिवशी नाही सांगितलं. खेळ शेवटपर्यंत होऊ दिला.

ती नोंद कामाची नव्हती. रद्द करावी लागली. वहीत कारण लिहावं लागतं. तिथे मी लिहिलं, 'डोळ्यांत पाणी.' मॅडमनी वाचलं आणि खाली सही केली.